कुटुंबवत्सल

काका गेले तेव्हा पेपरात द्यायचा मजकूर लिहायचं काम माझ्याकडे आलं. नाव, वय, नोकरी, मागे कोण कोण असा परिवार, एवढं झाल्यावर काकू म्हणाली, "कुटुंबवत्सल होते, हे घाल गं. विसरू नकोस." मी घातलं. त्यात तसूभर खोटं नव्हतं. मंडईतून येताना काकांच्या पिशवीत घरातल्या प्रत्येकाच्या आवडीचं काहीतरी असायचं, आणि आजीच्या शेवटच्या दोन वर्षांत तिची वेणीफणीसुद्धा काकाच करत. तरी तो शब्द लिहिताना पेन अडलं. काकांचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. आदल्या वर्षी मी ऑशविट्झला जाऊन आले होते आणि तिथे या शब्दाला जे चिकटलं, ते अजून धुऊन निघालेलं नाही.

दक्षिण पोलंडमधल्या क्राकोव्हहून ते गाव सत्तरेक किलोमीटरवर आहे. पोलिश लोक त्याला ओश्व्हिएंचिम म्हणतात. युद्धाआधी गावात निम्म्याहून जास्त वस्ती ज्यूंची होती आणि ते आपल्या यिद्दिशमध्ये त्याला ओश्पित्सिन म्हणत. जर्मनांनी गाव घेतलं आणि नावाचं ऑशविट्झ केलं. १४ जून १९४० रोजी तार्नुफ शहरातून ७२८ पोलिश राजकीय कैद्यांची पहिली गाडी इथल्या छावणीत आली. पुढच्या साडेचार वर्षांत सुमारे तेरा लाख माणसं इथे आणली गेली आणि त्यातली अकरा लाख मारली गेली. त्यात दहा लाखांच्या आसपास ज्यू होते. उरलेल्यांत पोलिश होते, रोमा (जिप्सी) होते, सोव्हिएत युद्धकैदी होते.

मूळ छावणीतला फेरफटका जिथे संपतो तिथे पहिली भट्टी आहे, क्रिमेटोरियम एक. गॅस चेंबर म्हणून वापरलेली खोली आणि मृतदेह जाळायची भट्टी एकाच छपराखाली. बाहेर आलं की डोळ्यांना उजेड सहन होत नाही. तिथेच बाजूला लाकडाचा एक फाशीचा खांब उभा आहे. आमच्याबरोबरच्या पोलिश बाईंनी खांब दाखवला, मग हात थोडा वर करून तारेच्या कुंपणापलीकडे, झाडांमागे दिसणारं एक घर दाखवलं. करड्या गिलाव्याचं, उतरत्या छपराचं. आपल्याकडे जिल्ह्याच्या गावी एखाद्या वरिष्ठ इंजिनिअरला सरकारी बंगला मिळावा, तसं. हाकेच्या अंतरावर. त्या म्हणाल्या, छावणीचा कमांडंट इथे बायकोमुलांसह राहायचा.

रुडॉल्फ ह्योस. (हिटलरचा उपनेता रुडॉल्फ हेस वेगळा. मराठीत दोघांची नावं सारखीच लिहिली जातात आणि गल्लत होते.) बायको हेडविग, आणि पाच मुलं. पाचवं मूल १९४३ मध्ये ते इथे राहत असतानाच जन्मलं. घर मुळात युद्धाआधी एका पोलिश सैनिकाच्या कुटुंबाने बांधलेलं. त्या कुटुंबाला हुसकावून ते कमांडंटला देण्यात आलं. घराला बाग होती आणि बागेला उंच भिंत. मुलांसाठी बागेत पोहायचा छोटा हौद होता, घसरगुंडी होती. फोटो आहेत. उन्हात ओल्या केसांची मुलं हौदात हात आपटतायत. आपल्या कुठल्याही घरातल्या मे महिन्याच्या सुट्टीच्या फोटोंसारखे. मी ते फोटो घरी आल्यावर पुन्हा पुन्हा पाहिले आणि प्रत्येक वेळी नजर मुलांवरून मागच्या भिंतीकडे गेली.

त्या फोटोंबद्दल लिहिताना लोक नेहमी एकच गोष्ट लिहितात: भिंतीच्या अलीकडे बाग, पलीकडे नरक, आणि मधली भिंत. मलाही पहिल्यांदा तेच सुचलं होतं. पण त्या घराबद्दल जेवढं वाचत गेले तेवढं ते वाक्य मला खोटं वाटू लागलं. घर छावणीच्या शेजारी नव्हतं. घर छावणीवर जगत होतं.

स्टॅनिस्लॉ दुबियेल नावाचा पोलिश कैदी त्या बागेत माळीकाम करायचा. युद्ध संपल्यावर त्याने जी साक्ष दिली ती मोठमोठ्या शब्दांची नाही, वाण्याच्या वहीसारखी आहे. घरात काय काय लागायचं आणि ते कुठून यायचं, एवढंच तो सांगतो. साखर, पीठ, मार्जरिन कैद्यांच्या कोठारातून यायचं. कैद्यांच्या ताटात पाण्यासारखं सूप पडत होतं ते याच कोठारातून. रोपं, बिया, खत, बागेला लागणारे हात, सगळं तिथलंच. घरात स्वयंपाकाला आणि मुलं सांभाळायला ठेवलेल्या दोघी बायकाही कैदीच होत्या, जेहोवाज विटनेसेस या ख्रिस्ती पंथाच्या. त्या मुलांना किती माया करत, याचं ह्योसने स्वतः कौतुक लिहून ठेवलं आहे. आणि कपडे. गाडीतून उतरलेल्या ज्यूंचं सामान फलाटावरच काढून घेत आणि ते ज्या वखारींत साठवत त्यांना कैद्यांच्या भाषेत 'कॅनडा' म्हणत, कारण कॅनडा म्हणजे सुबत्तेचा देश. त्या ढिगातलं चांगलं कापड, चांगले कोट निवडले जात. हेडविगने आधी घरात शिवणारी बसवली, मग छावणीत एक खास शिवणशाळाच उभी राहिली. तिथे ज्यू मुली एसएस, म्हणजे छावण्या चालवणाऱ्या नाझी दलातल्या अधिकाऱ्यांच्या बायकांचे फ्रॉक आणि झगे बेतत आणि शिवत. मार्था फुक्स नावाची स्लोव्हाकियाहून आणलेली शिंपीण त्यांची प्रमुख होती आणि तिथे बोलावून घेऊन तिने जमतील तितक्या मुलींचा जीव वाचवला.

म्हणजे हेडविगच्या अंगावरचा कपडा एखादीने प्रवासाला निघताना घडी घालून बॅगेत ठेवलेला होता. मुलांच्या ताटातली साखर दुसऱ्या कुणाच्या तरी मुलाच्या वाट्याची होती. भिंतीला दार होतं आणि त्या दारातून रोज वस्तू आत येत होत्या.

आणखी एक बाई त्या घरात शिवणकामाला यायची. यानिना श्चुरेक, गावातलीच पोलिश. तिने सांगितलेली एक आठवण मी वाचली त्या दिवशी मला पुढे वाचवेना.

छावणीत प्रत्येक कैद्याच्या सदऱ्यावर कापडी त्रिकोण शिवलेला असे. राजकीय कैद्याला लाल, गुन्हेगाराला हिरवा, जेहोवाज विटनेसला जांभळा, समलिंगी पुरुषाला गुलाबी. ज्यू असेल तर पिवळ्या त्रिकोणाची भर घालून त्याचा तारा होई. कैद्यांतूनच नेमलेल्या मुकादमाला, म्हणजे कापोला, दंडावर पट्टी. एक दिवस मुलं श्चुरेकबाईंकडे आली आणि म्हणाली, आम्हाला पण तशा खुणा शिवून दे. बाईंना त्यात काही वावगं वाटलं नाही. त्यांनी थोरल्याच्या दंडाला कापोची पट्टी शिवली आणि धाकट्यांच्या कपड्यांवर रंगीत त्रिकोण लावले. मुलं खूश. बागेत धावत सुटली. थोरला मुकादम, बाकीची कैदी. तेवढ्यात बाबा आले. त्यांनी त्या खुणा पाहिल्या, मुलांच्या कपड्यांवरून ओढून काढल्या आणि मुलांना घरात नेलं. पुन्हा असं काही शिवायचं नाही, अशी बाईंना ताकीद मिळाली.

मुलं घर-घर खेळतात, डॉक्टर-डॉक्टर खेळतात, आजूबाजूला जे दिसतं ते खेळतात. या मुलांना जे दिसत होतं ते ती खेळली. मुलांना काही माहीत नव्हतं असं म्हणणाऱ्यांनी त्या दंडावरच्या पट्टीकडे पाहावं. ह्योसने लिहिलं आहे की मुलं सारखी त्याच्याकडे सिगारेटी मागायची, कैद्यांना द्यायला. लहान मुलाला दया येते, न शिकवता येते. आणि मुकादमाची पट्टीही त्याच मुलाला हवी असते. माझ्या मनात राहिला तो बापाचा हात. तो खुणा ओढून काढणारा हात. लाखो कैद्यांच्या अंगावर त्या खुणा लावणाऱ्या माणसाला स्वतःच्या मुलाच्या अंगावर त्या क्षणभरही बघवल्या नाहीत. याला प्रेमच म्हणायला हवं. दुसरा शब्द मला सापडत नाही आणि त्यामुळेच झोप उडते.

पकडला गेल्यावर, क्राकोव्हच्या तुरुंगात, १९४६ च्या शेवटापासून पुढच्या फेब्रुवारीपर्यंत ह्योसने आपलं आत्मवृत्त लिहून काढलं. मी ते सलग वाचू शकले नाही, चार-चार पानांनी वाचलं. त्यात तो लिहितो की ऑशविट्झमध्ये माझ्या घरच्यांना काही कमी नव्हतं. बायकोची फुलांची बाग म्हणजे नंदनवन होतं, मुलं मोकळी हुंदडत, कासवं, सरडे, मांजरं पाळत, उन्हाळ्यात सोला नदीवर डुंबायला जात. बायकोमुलांची एकही इच्छा अपुरी राहिली नाही. लिहिणाऱ्याचा सूर बढाईचा नाही. निवृत्त झालेला माणूस गॅलरीत बसून जुन्या क्वार्टर्सच्या आठवणी काढतो ना, तसा आहे.

हे दोघे भेटले कसे, ते कळलं की बागेचा अर्थ बदलतो. ह्योस राजकीय खुनाच्या खटल्यात १९२४ ते १९२८ अशी चार वर्षं तुरुंगात होता. सुटल्यावर तो 'आर्टामान' नावाच्या संघटनेत गेला. शहर सोडा, मातीकडे चला, शुद्ध रक्ताचे जर्मन शेतकरी व्हा आणि पूर्वेकडे वस्ती करा, असा त्यांचा मंत्र. एसएसचा प्रमुख हिमलरही त्यातलाच. तिथेच त्याला हेडविग भेटली आणि १९२९ मध्ये त्यांचं लग्न झालं. दोघांचं स्वप्न एकच: स्वतःची जमीन, गुरं, भाजीपाला, भरपूर मुलं, मोकळी हवा. हिटलरच्या युद्धाने पूर्वेकडची जमीन जिंकायची होती ती कुणासाठी? अशाच जोडप्यांसाठी. त्यासाठी तिथली माणसं हटवायची होती, आणि ज्यूंना तर पृथ्वीवरूनच. ऑशविट्झमधलं ते घर कत्तलीच्या आड आलेला विसावा नव्हता. कत्तल ज्या आयुष्यासाठी चालली होती तेच ते आयुष्य. बाग हाच हेतू होता.

म्हणून नवऱ्याची बदली झाली तेव्हा हेडविग हलली नाही. १९४३ च्या नोव्हेंबरात ह्योसला बर्लिनजवळच्या ओरानिएनबुर्गला बढतीवर पाठवलं. बायकोमुलं बंगल्यातच राहिली. दुबियेलने सांगितलं आहे, मरेपर्यंत इथेच राहायचं, असं ती म्हणायची. बदलीच्या नोकरीत वाढलेल्या कुणालाही ही भावना अनोळखी नाही. माझी आई चिपळूणची क्वार्टर्स सोडताना जाईच्या वेलाला पाणी घालून रडली होती. मी हे लिहिते आहे कारण हेडविगला राक्षसीण म्हणून बाजूला ठेवणं मला सोपं झालं असतं. मग जाईचं काय करायचं, हा प्रश्न उरला नसता.

तिला ठाऊक नव्हतं का? ह्योसने न्यूरेंबर्गच्या तुरुंगात अमेरिकन मानसतज्ज्ञ गुस्टाव्ह गिल्बर्टला सांगितलं की तिला १९४२ मध्ये कळलं. प्रांताच्या पक्षप्रमुखाच्या बोलण्यातून तिच्या कानावर आलं, मग तिने नवऱ्याला विचारलं आणि त्याने कबूल केलं. त्यानंतर ती त्याच्यापासून थोडी दुरावली, असंही तो म्हणाला. एवढंच. त्यानंतर दोन हिवाळे आणि दोन उन्हाळे ती त्याच बागेत राहिली.

त्या आत्मवृत्तातलं एक पान मी आता न बघता सांगू शकते.

१९४२ चा वसंत. ऑशविट्झचाच दुसरा, मोठा भाग म्हणजे बिर्केनाऊ. तिथली मोठी गॅस चेंबर्स अजून बांधून व्हायची होती. रानाच्या कडेला दोन शेतघरं होती, तिथल्या पोलिश शेतकऱ्यांना हाकलून रिकामी केलेली. एकाला 'लाल घर' म्हणत, दुसऱ्याला 'पांढरं घर'. दोन्हींच्या खिडक्या बुजवल्या आणि खोल्यांची गॅस चेंबर्स केली. भोवती फळझाडं होती, ती त्या वेळी फुलली होती. त्या फुललेल्या झाडांखालून शेकडो माणसं, बहुतेकांना कसली शंकाही नाही, त्या घरात गेली. हे मी माझ्या पदरचं सांगत नाही, ह्योसनेच लिहिलं आहे. बहर आणि मरणाचं ते चित्र डोळ्यांपुढून हलत नाही, असं तो म्हणतो.

पुढे एक आई येते. तिच्याबरोबर चार मुलं आहेत आणि मोठी मुलं खडबडीत जमिनीवरून धाकट्यांना हाताला धरून सांभाळून नेतायत. ती त्याच्याजवळून जाताना मुलांकडे बोट करून हळूच विचारते: इतकी गोड, सुंदर पोरं मारवतात कशी तुम्हाला? तुम्हाला काळीजच नाही का?

तिने ते कुजबुजत विचारलं. मुलांना ऐकू जाऊ नये म्हणून. आपलं काय होणार हे तिला कळून चुकलं होतं आणि त्या शेवटच्या पंचवीस-तीस पावलांत तिला करता येण्यासारखं एकच काम उरलं होतं, मुलांना कळू द्यायचं नाही. तिचं नाव कुणालाच माहीत नाही. तिचं वाक्य उरलं ते फक्त तिला मारणाऱ्याने लिहून ठेवलं म्हणून. मला विचाराल तर त्या सगळ्या हकिगतीत 'कुटुंबवत्सल' हा शब्द शोभावा अशी ती एकटी आहे.

त्याच पानांत तो आणखी एक प्रसंग सांगतो. दोन लहानगी आपल्या खेळात इतकी रंगली होती की आईने ओढलं तरी उठेनात. सगळे आता ह्योसकडे बघत होते. त्याने मान डोलावून शिपायाला खूण केली आणि त्याने त्या किंचाळणाऱ्या पोरांना उचलून आत नेलं. मागोमाग हंबरडा फोडत आई गेली. ह्योस म्हणतो, असल्या दिवशी मला थेट घरी जाणं जमायचं नाही. मी घोड्यावर बसून लांब रपेट करायचो, किंवा रात्री तबेल्यात जनावरांमध्ये जाऊन उभा राहायचो. आपली मुलं आनंदात खेळताना पाहिली की मनात यायचं, हे सुख किती दिवस टिकेल?

कितीदा तरी वाटलं की त्या रात्री घोडा तबेल्यात बांधून तो एकदा तरी घराकडे न जाता दुसरीकडे कुठेतरी चालत जाईल. तो जात नाही. घरी येतो, मुलांना कुशीत घेतो. सकाळी पुन्हा कामावर जातो.

घर माणसाला माणुसकी शिकवतं असं आपण लहानपणापासून ऐकतो. स्वतःच्या मुलाचा बाप झालं की जगातली सगळी मुलं आपली वाटू लागतात, असं माझ्या बाबांचं म्हणणं, आणि त्यांच्या बाबतीत ते खरं आहे. ह्योसच्या बाबतीत उलटं घडलं. त्याची सगळी माया त्या भिंतीच्या आत मावली आणि भिंतीच्या आत भरपूर माया आहे, एवढ्यावर त्याची स्वतःबद्दलची खात्री पटली. हिमलरने ऑक्टोबर १९४३ मध्ये पोझेन शहरात एसएस अधिकाऱ्यांपुढे भाषण करताना हेच शब्दांत सांगितलं होतं: शेकडो, हजार प्रेतं पाहूनही आपण सभ्य राहिलो, हे आपलं मोठेपण. सभ्य म्हणजे घरी नीट वागणारे, दारू पिऊन बायकोवर हात न टाकणारे, पैशांत अफरातफर न करणारे.

आपल्याकडे लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या मीटिंगमध्ये कुणीतरी सहज बोलून जातं की या देशाला एखादा हिटलरच हवा. बोलणारा वाईट माणूस नसतो. बहुधा आजोबाच असतात कुणाचे तरी, नातीला मांडीवर घेऊन बसलेले. पुण्यात शिकत होते तेव्हा फुटपाथवरच्या पुस्तकांच्या गाडीवर हिटलरचं चरित्र स्वयंपाकाच्या आणि व्यक्तिमत्त्व विकासाच्या पुस्तकांत मांडलेलं असायचं आणि आम्हाला कुणालाच ते खटकलं नव्हतं. तेव्हा मी काही बोलत नसे. आता बोलते. मला माझ्या आजीची आठवण होते. तिचं माहेर अलिबागचं, इस्रायल आळीच्या जवळ. तिच्यासाठी ज्यू म्हणजे शेजारच्या मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायली बायका, पूर्वी तेलाचा घाणा चालवणाऱ्या आणि शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या, म्हणून 'शनिवार तेली'. त्यांच्याकडून मलिद्याचे गोड पोहे यायचे, आजीकडून त्यांच्याकडे फराळ जायचा. आजीला कुणी सांगितलं असतं की त्या बायकांनाच पृथ्वीवरून पुसून टाकायचं आहे, तर तिला ते वाक्यच समजलं नसतं.

युद्ध हरल्यावर ह्योस 'फ्रान्झ लांग' या नावाने डेन्मार्कच्या सीमेजवळच्या एका शेतावर मजूर म्हणून लपला. ब्रिटिशांचं जे पथक त्याच्या मागावर होतं त्यात हान्स अलेक्झांडर नावाचा अधिकारी होता. बर्लिनमध्ये वाढलेला, नाझींमुळे देश सोडावा लागलेला ज्यू. मार्च १९४६ मध्ये त्यांनी हेडविगला धरलं. ती काही केल्या पत्ता सांगेना. तेव्हा तिला एका आगगाडीचा आवाज ऐकवला आणि सांगितलं, नवऱ्याचा ठावठिकाणा सांगितला नाहीस तर थोरल्या मुलाला याच गाडीने सैबेरियात पाठवू. तिने नाव आणि पत्ता लिहून दिला. ऑशविट्झला येणाऱ्या आगगाडीचा अर्थ काय, हे तिला चांगलं ठाऊक होतं. शेतावर त्या माणसाने आपण ह्योस नाही म्हणून सांगितलं, पण बोटात लग्नाची अंगठी होती. ती निघत नाही म्हणाला. बोट कापावं लागेल म्हटल्यावर निघाली. आत दोन नावं कोरलेली होती, रुडॉल्फ आणि हेडविग.

त्याला पोलंडच्या न्यायालयाने फाशी सुनावली आणि १६ एप्रिल १९४७ रोजी ऑशविट्झमध्येच, त्या भट्टीशेजारी, त्या घरासमोर फाशी दिली. त्याआधी त्याने मुलांना पत्रं लिहिली. थोरल्याला सांगितलं की तुझं चांगलं मन जप, स्वतः विचार करायला शीक, वरून येतं ते डोळे मिटून खरं मानू नकोस. पत्र खरंच चांगलं आहे, कुठल्याही बापाने लिहावं असं. मी ते दोनदा वाचलं आणि मिटून ठेवलं.

ते घर युद्धानंतर कितीतरी वर्षं सामान्य कुटुंबांचं राहतं घर होतं. २०२४ मध्ये काउंटर एक्स्ट्रीमिझम प्रोजेक्ट या संस्थेने ते विकत घेतलं आणि आता लोकांसाठी खुलं केलं. मी गेले तेव्हा झाडांतून दिसलं तेवढंच पाहिलं होतं. आता आत जाता येतं. मला जायचं आहे का, हे अजून ठरत नाही.

फोटोंचं मात्र अजून एक सांगायचं राहिलं. ह्योस-मुलांचे हौदातले फोटो आहेत, तसा १९४४ मधला आणखी एक अल्बम आहे, कार्ल ह्योकर नावाच्या एसएस अधिकाऱ्याचा. ११६ फोटो. छावणीपासून तीसेक किलोमीटरवर सोला नदीकाठी एसएसवाल्यांचं सुट्टीघर होतं. एका फोटोत ऑफिसातल्या मुली कठड्यावर ओळीने बसून ब्लूबेरी खातायत, शेजारी एकजण अकॉर्डियन वाजवतोय. पुढच्या फोटोत फळं संपली म्हणून वाट्या उपड्या करून लटकं रडतायत. त्या वर्षी मेच्या मध्यापासून ९ जुलैपर्यंत हंगेरीतून सुमारे ४,३०,००० ज्यू ऑशविट्झला आणले गेले. त्या कामासाठी ह्योसला मुद्दाम परत बोलावलं होतं, म्हणजे तो पुन्हा घरी, बायकोमुलांत राहायला आला होता.

आणि तिसरा अल्बम लिली याकोबचा आहे. ती तेव्हा हंगेरीत असलेल्या बिल्के गावची, अठरा वर्षांची, २६ मे १९४४ ला घरच्यांबरोबर गाडीतून उतरली. फलाटावरच आईवडील आणि भाऊ तिच्यापासून वेगळे झाले. ते पुन्हा दिसले नाहीत. पुढे तिला एका छावणीतून दुसऱ्या छावणीत हलवत शेवटी शेकडो किलोमीटर दूर जर्मनीत डोरा इथे आणलं. एप्रिल १९४५ मध्ये अमेरिकन सैन्य आलं तेव्हा ती तापाने फणफणली होती. एसएसनी सोडलेल्या बराकीत ऊब शोधत तिने एक कपाट उघडलं. आत पायजम्याचा एक सदरा होता आणि सदऱ्याखाली एक अल्बम. तिने उघडला. पहिल्यांदा तिला तिच्या गावचे रब्बी दिसले. मग आजी-आजोबा. मग तिचे दोन धाकटे भाऊ, कोट आणि टोप्या घातलेले, कॅमेऱ्याकडे बघत उभे. एका फोटोत केस भादरलेली ती स्वतः. एसएसच्या फोटोग्राफरने नोंदीसाठी म्हणून गाड्यांतून उतरणाऱ्यांचे काढलेले ते फोटो, नेमके त्याच दिवसांतले. एका फोटोत बर्चच्या झाडांत बायका, मुलं, म्हाताऱ्या गवतावर बसल्यात, गाठोडी बाजूला, वनभोजनाला आल्यासारख्या. त्या गॅस चेंबरमध्ये आपली पाळी यायची वाट बघत होत्या.

लिली अमेरिकेला गेली, मायामीत राहिली. जवळजवळ पस्तीस वर्षं अल्बम तिच्या घरी होता आणि १९८० मध्ये तिने तो जेरुसलेमच्या याद वाशेम या स्मारक-संग्रहालयाला दिला. मधल्या काळात छावण्यांतून जिवंत वाचलेले लोक लांबलांबून तिच्या दारात येत. बसून एकेक पान उलटत, आपलं कुणी दिसतंय का बघत. गाडीतून उतरताच जे काही जवळ होतं ते हिरावलं गेलं होतं, बहुतेकांकडे घरच्यांचा एकही फोटो उरला नव्हता. कुणाला आई सापडे, कुणाला मावशी, कुणाला पोर. सापडलं की लिली तो फोटो अल्बममधून काढून त्या माणसाच्या हातात देई. त्या पानांवर तेवढ्या जागा रिकाम्या आहेत.